नाकातून आलेलं पाणी

ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं की बाहेर ताटकळत बसलेले नातेवाईक एकदम उठून उभे राहतात. सर्जनला पहिला प्रश्न असतो तो गाठीचा. "सगळी निघाली ना, डॉक्टर?" साहजिकच आहे. कितीतरी दिवस घरात त्या गाठीखेरीज दुसरा विषय नसतो. मी न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे. पेशंट आमच्याकडे येतो तेव्हा मला मात्र वेगळंच जाणून घ्यायचं असतं. आत पाणी दिसलं होतं का? थोडं झिरपलं की भरपूर आलं? कशाने बंद केलंय? कवटीच्या तळाच्या ऑपरेशनमध्ये गाठ काढणं हे अर्धंच काम. जिथून वाट काढत आत गेलो ती वाट पुन्हा बंद करणं हे उरलेलं अर्धं, आणि माझ्या मते तेच जास्त अवघड. त्या अर्ध्याबद्दल घरच्यांना फार कमी माहीत असतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

मेंदू कवटीत पाण्यात असतो. त्या पाण्याला आम्ही वॉर्डात सीएसएफ म्हणतो, घरचे 'मेंदूचं पाणी' म्हणतात. मोठ्या माणसात ते कुठल्याही क्षणी साधारण १५० मिली असतं, पण दिवसभरात शरीर जवळजवळ ५०० मिली तयार करतं. म्हणजे दिवसातून तीनदा तरी सगळं पाणी बदलतं. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये ते तयार होतं, मेंदू आणि मज्जारज्जूभोवती फिरतं आणि परत रक्तात मुरतं. मेंदूचं वजन सुमारे १४०० ग्रॅम, पण या पाण्यात तरंगत असताना त्याचा भार ५० ग्रॅमच्या आसपासच पडतो. पाणी कमी झालं की मेंदू खाली बसायला लागतो, आवरणं ताणली जातात आणि डोकं असं दुखतं की माणूस उशीवरून मान उचलायला तयार होत नाही. आडवं झालं की बरं वाटतं, उठून बसलं की पुन्हा कळ सुरू. हे डोकेदुखीचं वागणं आम्ही नीट लिहून ठेवतो, कारण तीही एक खूण आहे.

हे पाणी आत धरून ठेवण्याचं काम मेंदूच्या आवरणांचं. बाहेरचं जाड आवरण म्हणजे ड्युरा, त्याच्या आत पातळ अरॅकनॉइड. कवटीच्या वरच्या भागात या आवरणांना भक्कम हाडाचा आणि जाड त्वचेचा आधार असतो. तळाशी तसं नाही. नाकाच्या छतातलं हाड काही ठिकाणी कागदाइतकं पातळ असतं. त्यातल्या बारीक भोकांमधून वासाच्या नसांचे धागे खाली उतरतात. पिट्यूटरी ही मेंदूखालची हार्मोन्सची ग्रंथी ज्या खळग्यात बसते त्याच्या पुढेच हवेने भरलेला स्फेनॉइड सायनस. म्हणजे एका बाजूला शरीरातली सर्वांत जपलेली, जंतूंचा मागमूस नसलेली जागा, आणि दुसऱ्या बाजूला नाक, जिथे बाहेरची हवा आणि जंतू रोजच्या रोज ये-जा करतात. मध्ये थोडं हाड आणि एक-दोन पडदे. पिट्यूटरीची गाठ वर वाढलेली असेल, किंवा गाठ ड्युराला धरूनच वाढलेली मेनिन्जिओमा असेल, तर ती काढताना हा पडदा फाटतो किंवा कापावाच लागतो. तिथे पाणी दिसणं ही कुणाची चूक नव्हे. गाठीपर्यंत पोहोचायचं तर ते होणारच. प्रश्न आहे तो नंतरचा.

हातावरची जखम शिवली की कोरडी ठेवतो, हलवत नाही, आठवड्याभरात ती धरते. इथे यातलं काहीच शक्य नाही. वरून पाणी सतत ओलं करत असतं, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मेंदू आणि पाणी मिळून त्या जागेवर धडका देत असतात, खालून श्वासाची हवा. पाण्याने भरलेल्या टाकीचा तळ टाकी रिकामी न करता बाहेरून बुजवायचा, असं ते काम आहे. टाके घालायला तर जागाच नसते. नाकपुडीतून घातलेल्या दुर्बिणीने आणि लांब हत्यारांनी, एका अरुंद बोळात हे सगळं करायचं असतं.

त्यामुळे या शस्त्रक्रियेचा इतिहास मला बंद करण्याचाच इतिहास वाटतो. नाकातून पिट्यूटरीची गाठ काढणं १९०७ मध्ये हर्मान श्लॉफर यांनी करून दाखवलं होतं. वाट तेव्हाच सापडली होती. पण पाणी गळलं, जंतू वर चढले, तर अँटिबायोटिक नसलेल्या त्या काळात हाती काय होतं? १९२६ साली वॉल्टर डँडी यांनी कवटी वरून उघडून अशी गळती बंद केली. पुढे नाकातून दुरुस्त्या सुरू झाल्या, १९८० च्या दशकात दुर्बीण आली, उजेड आणि नजर दोन्ही थेट आत पोहोचलं. मग सर्जन पिट्यूटरीच्या खळग्याबाहेर, कवटीच्या पूर्ण तळाशी जायला लागले. गाठी निघायला लागल्या, पण मोठी भोकं बुजेनात. अशा विस्तारलेल्या ऑपरेशनांत पाचातल्या एका पेशंटला किंवा त्याहून जास्त जणांना पाणी गळत असे. हात किती पुढे पोहोचतो यापेक्षा मागे परतताना काय बंद करता येतं, यावरच सगळं अडलं होतं.

ते अडलेलं सुटलं एका साध्या वाटणाऱ्या कल्पनेने. अर्जेंटिनातल्या रोसारिओचे हदाद आणि बासागास्तेगी हे सर्जन नाकाच्या मधल्या पडद्याचं अस्तर उचलून वापरत होते. पूर्ण कापून नाही, मागच्या बाजूला त्याची रक्तवाहिनी तशीच जोडलेली ठेवून. मग ते अस्तर वळवून भोकावर पांघरायचं. २००६ मध्ये हे तंत्र प्रसिद्ध झालं आणि जगभर गेलं. शरीरातून कापून आणलेला तुकडा नव्या जागी जगेल की नाही याची धास्ती असते. या वळवलेल्या अस्तराला, म्हणजे फ्लॅपला, स्वतःचा रक्तपुरवठा असतो, तो जिवंतच येतो आणि काही दिवसांत कडेला धरतो. सरावलेल्या हातांत गळतीचं प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही खाली आलं. नाकाच्या अस्तराचा काही बोटं लांबीचा तुकडा, पण त्याने किती गाठींची वाट मोकळी केली याचा विचार करते तेव्हा मला या दोन सर्जनांबद्दल मनापासून आदर वाटतो.

प्रत्यक्षात थरावर थर असतात. आत कधी पोटाची चरबी, कधी मांडीतला पांढरा चिवट पडदा, कधी तयार मिळणारा कृत्रिम ड्युरा, त्यावर फ्लॅप, त्यावर गोंदासारखं द्रव्य, आणि सगळं जागेवर धरून ठेवायला नाकात पॅकिंग. काही सर्जन लघवीच्या नळीचा छोटा फुगा नाकात फुगवून खालून टेकू देतात. शुद्धीवर आलेला पेशंट डोक्यावर हात फिरवतो, तिथे काहीच सापडत नाही, आणि मग त्याचा हात पोटावरच्या पट्टीवर जातो. "सिस्टर, ऑपरेशन डोक्याचं, मग हे पोटाला काय केलंय?" हा प्रश्न मला नेहमी येतो. मी पलंगाशेजारी बसते आणि सांगते, की तुमच्याच पोटातली सुपारीएवढी चरबी आता तुमच्या मेंदूखाली बूच होऊन बसली आहे. ऐकणारा क्षणभर गप्प होतो. मग जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, ती तिथे टिकेल ना?

टिकावी म्हणूनच पुढचे नियम. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. वाकून चप्पल उचलायची नाही. स्ट्रॉने प्यायचं नाही. शौचाला जोर द्यायचा नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. पलंगाचा डोक्याकडचा भाग तीस अंश वर. झोपताना श्वासासाठी सीपॅपचं मशीन लावणाऱ्यांनी ते सर्जनला विचारल्याशिवाय लावायचं नाही, कारण नाकात दाबाने सोडलेली हवा त्याच भोकातून वर मेंदूभोवती शिरू शकते. कागदावर हे नियम दहा ओळींत मावतात. पाळायला बसलं की कळतं, आपलं शरीर दिवसातून किती वेळा आपल्याला न विचारता दाब देत असतं. खोकला, उचकी, झोपेतून दचकून उठणं. एक काका होते, आयुष्यभर मैदानावर मुलांना खेळ शिकवलेले, भारदस्त माणूस. शिंक येईल या भीतीने ते तोंड उघडं ठेवूनच बसायचे. मला त्यांचं वाईट वाटायचं आणि कौतुकही. असा पेशंट स्वतःच स्वतःची नर्स असतो.

याच काकांनी एका संध्याकाळी सांगितलं की नाक जरा वाहतंय. सांगितलं असंही म्हणता येणार नाही, दुसऱ्याच कशाबद्दल बोलताना ओघात आलं. "थोडी सर्दी झाली असेल, एसीमुळे." आणि लगेच, "तुम्ही कामात असाल, राहू द्या." यात सगळी गोम आहे. नाकातून ऑपरेशन झाल्यावर नाक वाहतंच. रक्तमिश्रित चिकट स्राव येतो, धुण्यासाठी सोडलेलं सलाइन उशिरापर्यंत ठिबकतं, पॅकिंगच्या आजूबाजूने ओल येते. या सगळ्या गर्दीतून मेंदूचं पाणी ओळखायचं असतं. ते पाण्यासारखंच पातळ आणि नितळ असतं. बहुधा एकाच नाकपुडीतून येतं. वाकलं, जोर केला की वाढतं. रुमालाला शेंबूड लागला तर वाळल्यावर कडक होतो, हे पाणी वाळलं तर कापड मऊच राहतं. आडवं झोपल्यावर ते पुढे न येता घशात उतरतं, म्हणून नाक कोरडं दिसतं आणि रात्री नुसता खोकला येत राहतो. कुणी म्हणतं घशात खारट लागतंय, कुणी म्हणतं धातूसारखी चव आहे. चवीबद्दल पेशंट स्वतःहून क्वचितच बोलतात. त्यांना वाटतं, असलं काय सांगायचं. म्हणून आम्हीच विचारायचं.

काकांना मी पलंगाच्या कडेला बसवलं, पाय खाली टेकवले, एक हात त्यांच्या कपाळाशी धरला आणि हळूहळू पुढे वाकायला सांगितलं, हनुवटी छातीकडे. दुसऱ्या हातात निर्जंतुक बाटली, झाकण उघडलेली, डाव्या नाकपुडीच्या खाली. पहिले काही क्षण काहीच नाही. श्वास नेहमीसारखा घ्या म्हटलं. मग नाकाच्या टोकाशी एक थेंब जमला, फुगला आणि बाटलीत पडला. त्याच्या मागोमाग दुसरा. रंग नाही, तार नाही, वास नाही. काकांनी डोळे मिटून घेतले होते. "हे तेच आहे का?" त्यांनी विचारलं. तपासणीशिवाय सांगता येत नाही, असं मी म्हटलं आणि ते खरंच होतं, पण सर्जनला फोन मी तपासणीची वाट न बघता केला.

ती तपासणी म्हणजे बीटा-२ ट्रान्सफेरिन. हे प्रथिन शेंबडात, अश्रूंत किंवा लाळेत सापडत नाही. मेंदूच्या पाण्यात सापडतं, आणि आतल्या कानातल्या व डोळ्यातल्या द्रवात. १९७९ पासून त्याचा असा उपयोग माहीत आहे. थोडासा नमुनाही पुरतो. त्याआधी साखरेच्या पट्टीने तपासायची पद्धत होती. ती भरवशाची नाही, कारण अश्रूंत आणि रक्तातही साखर असते. उशीच्या अभ्र्यावर मध्ये रक्ताचा डाग आणि भोवती फिकट कडं दिसलं की आम्ही सावध होतो, पण रक्तात साधं पाणी मिसळलं तरी तसं कडं उमटतं. शंका घ्यायला पुरेसं, खात्रीला नाही.

कानामागून केलेल्या ऑपरेशनांत तर पाणी आणखी चकवतं. ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवरची गाठ, व्हेस्टिब्युलर श्वानोमा, काढताना कानामागचं हाड कोरावं लागतं. त्या हाडात हवेचे कप्पे असतात. एखादा कप्पा नीट बुजला नाही तर पाणी त्यातून मधल्या कानात येतं, आणि कानाचा पडदा शाबूत असल्याने बाहेर न पडता कान-घसा जोडणाऱ्या नळीतून नाकाच्या मागे उतरतं. म्हणजे टाके कानामागे आणि पाणी नाकातून. नवीन मुली ड्यूटीवर आल्या की हे मी त्यांना आवर्जून सांगते, कारण पेशंट नाकाची तक्रार करतो तेव्हा कानामागच्या ऑपरेशनशी त्याचा संबंध चटकन जोडला जात नाही. कधी पाणी कुठूनच बाहेर येत नाही, नुसतं टाक्यांखाली साठतं आणि तिथे मऊ फुगवटा हाताला लागतो.

गळती लहान असेल तर कधी कधी विश्रांतीने थांबते. नाहीतर पाठीत बारीक नळी घालतात, लंबर ड्रेन. कल्पना अशी की पाण्याला खालून दुसरी वाट दिली की वरच्या बुचावरचा दाब कमी होईल आणि त्याला धरायला वेळ मिळेल. तासाला साधारण १० मिली, डॉक्टर सांगतील तेवढंच. हे काम आमचं. ठिबकणारा कक्ष किती उंचीवर टांगायचा यावर किती पाणी येईल ते ठरतं, म्हणून पलंग वर-खाली केला की नळी आधी बंद. पेशंट उठून बसणार असेल तर नळी आधी बंद. एखादा पेशंट चालू नळीसकट उठला तर थोड्या वेळात नको इतकं पाणी जातं, डोकं फुटेलसं दुखतं, उलट्या होतात, वरच्या भोकातून हवा आत ओढली जाते, आवरणाखाली रक्तस्रावही होऊ शकतो. म्हणून ड्रेनवरच्या पेशंटला मी पहिल्यांदा हेच सांगते: काहीही लागलं तरी आधी बेल, मग हालचाल. नातेवाइकांनाही तेच. मायेपोटी पलंगाची दांडी फिरवून उशाकडचा भाग उचलून देणारा माणूस इथे घात करू शकतो.

सगळ्यांनाच आधीपासून ड्रेन घालावा का, यावर सर्जनांचे बरेच वाद झाले. २०१९ साली पिट्सबर्गच्या सर्जनांनी नीट आखलेली चाचणी छापली. आवरणाला मोठं भोक पडलेले १७० पेशंट, कुणाला ड्रेन आणि कुणाला नाही हे सोडतीसारखं ठरवलेलं. ड्रेन घातलेल्यांत ८.२ टक्क्यांना गळती झाली, न घातलेल्यांत २१.२ टक्क्यांना. म्हणजे मोठ्या, जोरात पाणी येणाऱ्या भोकांसाठी ड्रेनचा फायदा दिसला. पिट्यूटरीच्या साध्या ऑपरेशनला सरसकट पाठीत नळी घालावी असा त्याचा अर्थ नाही. ज्यांचं वजन फार आहे, ज्यांच्या डोक्यातल्या पाण्याचा दाब मुळातच जास्त आहे, त्यांच्यात उत्तम बसवलेलं बूचही सुटू शकतं. तिथे आधी दाबाकडे बघावं लागतं.

आणि काही जणांना पुन्हा थिएटरमध्ये जावं लागतं. काका गेले. पुन्हा थिएटर म्हटल्यावर माणसाचा चेहरा कसा पडतो ते मी पाहिलंय. पहिल्या वेळी भीती असली तरी आशा असते. दुसऱ्या वेळी वाटतं, आपलं ऑपरेशन फसलं. या ठिकाणी मला अगदी मनापासून वाटतं की हे सगळं पहिल्या ऑपरेशनच्या आधीच बोलायला हवं. संमतीच्या कागदावर 'सीएसएफ गळतीची शक्यता' अशी एक ओळ असते आणि तिच्याखाली सही होते. त्या ओळीतून कुणाला काय कळणार? पाच मिनिटं बसून सांगितलं, की असं होऊ शकतं, झालं तर नाकातून पाणी येईल, आम्ही पाठीत नळी घालू किंवा पुन्हा आत जाऊन थर नीट लावू, आणि बहुतेक वेळा ते बंद होतं, तर दुसऱ्या वेळी थिएटरकडे जाणारा माणूस कोसळत नाही. काकांच्या सर्जननी हे आधी सांगितलं होतं. काका त्यांना म्हणाले, "म्हणजे तुम्ही सांगितलेलं तेच करायचंय ना?" फ्लॅपची एक कड सरकली होती. ती परत बसवली, खाली नवी चरबी भरली.

गळती होणं हा दोष नाही, पण गळतीकडे दुर्लक्ष होणं हा मी दोषच मानते. कारण ज्या वाटेने पाणी खाली येतं त्याच वाटेने जंतू वर जातात. मेंदूच्या आवरणांना सूज आली की ताप, मान ताठ, उजेड सहन न होणं, बोलण्यात गोंधळ, आणि हे सगळं तासांच्या हिशोबाने वाढतं. गळतीच्या बाटलीतले चार थेंब वेळेवर पाहिले तर पेशंटला आठवडाभर पाठीत नळी सोसावी लागते. नाही पाहिले तर काय होतं, तेही या वॉर्डात पाहिलेलं आहे.

बहुतेक गळत्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसतात, आणि तोवर पेशंट बऱ्याचदा घरी गेलेला असतो. म्हणून डिस्चार्जच्या वेळी मी घरच्यांपैकी एकाला बाजूला बसवते आणि फोनवर नेमकं काय बोलायचं ते त्यांच्याकडून वदवून घेते. "सर्दी झालीय" असं सांगायचं नाही. "कवटीच्या तळाचं ऑपरेशन झालंय, एका नाकपुडीतून नितळ पाणी येतंय, वाकल्यावर वाढतं" असं सांगायचं, आणि ताप किंवा डोकेदुखी असेल तर ती पहिल्या वाक्यात. दुसऱ्या कुठल्या इस्पितळात जावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरला सगळ्यात आधी हे ऑपरेशन कळलं पाहिजे, कारण अशा पेशंटच्या नाकातून पोटात जाणारी नळी आंधळेपणाने सरकवली तर ती बुजवलेल्या जागेतून थेट वर जाऊ शकते. ही ओळ मी डिस्चार्जच्या कागदावर वेगळ्या शाईने लिहून देते आणि कागदाचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये काढायला लावते.